शेपटी

ऑफर रविवारी रात्री बाराला संपते,
असं त्यांच्या पत्रात आहे. खाली उलटं धावणारं घड्याळ.
माझी आवृत्ती नववी. त्यांची आता तेरावी.
(शाळेतही मी नववीतच थांबलो होतो.)
मधल्या तिन्हींचं तोंडही पाहिलं नाही,
शेजाऱ्याची पोरं वाढतात, आणि एक दिवस
दाढी ठेवून फाटकाशी उभी असतात, तसं झालं.

किंमत, सवलत धरून,
अ‍ॅथलच्या शेडमधल्या ब्लॅकवुडच्या एका फळीएवढी.
अकरा वर्षं वाळतेय ती. दर हिवाळ्यात
मी तिला हात लावून येतो
आणि दर हिवाळ्यात अ‍ॅथल भाव वाढवतो.

नात म्हणते, "आजोबा, प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच,
या डब्याचा आहे."
डबा म्हणजे खिडकीखालचा कॉम्प्युटर.
त्याच्या पंख्याला हुऑन पाइनच्या भुशाचा दमा.
इंटरनेट त्याला कधी दाखवलंच नाही.
"हा गेला की तुमची नववीही गेली."
टॅम्सिन बोलते ते खरं असतं,
म्हणून तिला जेवायला बोलावताना मी विचार करतो.

तीस दिवस फुकट वापरून पाहिलं.
नव्यात फळी उलटवून दोन्ही बाजू कोरता येतात.
मी ते दोन खुंट्या ठोकून करतो,
अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे, आणि एक शिवी.
नव्यात शिवी लागत नाही.
नव्यात कापण्याआधीच पडद्यावर लाकूड कापून दाखवतात,
इतकं खरं, की मी काचेवर फुंकर मारली.

आणि नव्यात 'जी'ची शेपटी येते.

हे जरा सांगायला हवं.
नववीत एक खोट आहे. छोटा 'जी' आला
की शेपटीच्या शेवटच्या वळणावर
हत्यार उचललं जातं. का, देव जाणे.
कंपनीला दोनदा लिहिलं. "पुढच्या आवृत्तीत," म्हणाले.
मग मी पटाशी घेतली.
सोळा वर्षं, लॉजच्या 'जी'ला, कॉटेजच्या 'जी'ला,
माझ्या हाताची शेपटी आहे.
एकीसारखी दुसरी नाही. थंडीतल्या आखूड.
रोवीना आजारी होती त्या वर्षीच्या
सगळ्या जरा जास्तच खोल गेल्यात.
परवा पेट्रोल पंपावर एक बाई म्हणाली,
"फ्रँकलिनच्या बोटशेडवरची पाटी तुमचीच ना?
शेपटीवरून ओळखली."

काल नव्याने नमुन्याची एक कापली.
शेपटी पुरी, गुळगुळीत, कंपासने ओढल्यागत.
भिंतीशी टेकवून तिच्यासमोर चहा प्यायलो.
वाईट नव्हती. तेच तर.

आणि एकदा नव्यात साठवलेलं
जुन्यात उघडत नाही म्हणे.
सोळा वर्षांच्या पाट्या त्या बाजूला गेल्या
की गेल्या.

रविवार सरला. बाराला मी जागाच होतो,
बटणापासून चार बोटं लांब, पावाची कड कुरतडत.
घड्याळ शून्यावर येईना. अजून चौदा तास दाखवत होतं.
सकाळी फोनवर टॅम्सिन हसली,
"त्यांचे रात्रीचे बारा म्हणजे आपली दुपार."

तर अजून पृथ्वीच्या पलीकडे
रविवार शिल्लक आहे. दोन वाजेपर्यंत.
इथे सोमवार. टेबलावर सेलेरी-टॉपची छोटी फळी,
एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या थडग्यासाठी.
त्याचं नाव डिगर.
मधोमध दोन 'जी', शेजारी शेजारी.
मालक अकराला यायचाय.

एक शेपटी झाली.
दुसरीला हात घालण्याआधी
पटाशी दगडावर दोनदा ओढून घेतो.